घराखालची जमीन

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुणी नवे घर बांधायला काढले की लोक दोन प्रश्न विचारतात. तरुण माणसे विचारतात, "किती खणांचं?" आणि म्हातारी माणसे विचारतात, "जागा कुणाची?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या ऐपतीवर असते. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मात्र या मुलखाचा दीडशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे. आज तो दुसरा प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे आलो आहे. त्याला निमित्त झाले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे.

हा विद्यार्थी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, वारली कुटुंबातला. बी. ए.ला इतिहास घेऊन तो माझ्या वर्गात बसत असे. पुढे डी. एड. करून शिक्षक झाला. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो घरी आला. पाणी प्यायला, जरा टेकला आणि म्हणाला, "सर, घरात बाळ यायचं आहे. एक नाही, दोन. सोनोग्राफीत दोन ठोके लागले."

मी त्याचे अभिनंदन केले, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंदाइतकीच काळजी दिसत होती. आईवडिलांचे घर तीन खणांचे. त्यात आईवडील, धाकटा भाऊ, भावजय, त्यांचे एक मूल, शिवाय ही दोघे. आता दोन पाळणे टांगायचे कुठे? त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट बोईसरची. तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट मिळत होता, पगाराच्या दाखल्यावर कर्जही मिळत होते. दुसरी वाट पाड्यावरचीच. त्याचे चुलतकाका मुलाकडे वापीला राहायला गेले होते आणि त्यांचे चार खणांचे, कौलारू, पडवी असलेले घर रिकामे पडले होते. दोन्ही घरांचे अंगण एकच. आईने ओट्यावरून हाक मारली तर तिथे ऐकू जाईल इतके ते जवळ. काका पैसे घेऊन आपला हिस्सा सोडायला तयार होते. पण एका बँकेने त्या घरासाठी कर्ज द्यायचे टाळले. जागा आदिवासीच्या नावची. कर्ज थकले तर ती लिलावात कुणालाही विकता येत नाही, हे कारण.

तो म्हणाला, "सर, तुम्ही इतिहासाचे. मला एवढंच सांगा, हा जमिनीचा कायदा आमच्या बाजूचा आहे की आमच्या आड येणारा?"

त्या दिवशी मला चटकन उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो. पण त्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

पूर्वीचे वारली घर कसे असे, ते आधी पाहू. वर बेचके असलेले लाकडी खांब, म्हणजे मेढी, जमिनीत रोवायच्या. त्यांवर आढे ठेवायचे, वासे बांधायचे. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. वर गवत नाहीतर भाताचा पेंढा. दर वर्षी चैत्र-वैशाखात, मृगाच्या आधी, घर शाकारायचे. आत एका अंगाला गुरे, एका अंगाला चूल, भाताची कणगी, आणि उरलेल्या जागेत माणसे. मेढी-वासे रानातले, कारवी रानातली, गवत माळावरचे, आणि हात पाड्यावरच्या भाऊबंदांचे. पैसा लागे तो थोडाच.

अशा घराचा एक मोठा गुण होता. ते माणसांबरोबर वाढत असे. पोरे झाली की बाजूला पडवी काढायची, गुरे वाढली की एक खण वाढवायचा. मुलाचे लग्न झाले की त्याने बापाच्या घराशेजारीच आपले वेगळे खोपट उभे करायचे. चूल वेगळी, पण हाकेच्या अंतरावर. ही रीत काही लाडाकोडाची नव्हे, तिच्यामागे हिशेब होता. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की घरातल्या बाईचे हात चिखलात हवे असतात. तान्हे मूल मग कुणाजवळ ठेवायचे? आजीजवळ. आजी दुसऱ्या गावी असेल तर मूल बांधावर झोळीत राहणार आणि झोळीवर पाऊस पडणार. मूल एक असले तर आई ते पाठीशी बांधूनही काम करील. दोन असली तर तिने काय करावे? जुळ्या मुलांना चार हात लागतात असे बायका म्हणतात, आणि शेतकऱ्याच्या घरात ते दुसरे दोन हात बहुधा म्हातारीचे असतात.

आज जगभर नाव झालेले वारली चित्र मुळात या घराच्या भिंतीवरचेच. लग्नाच्या वेळी सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी असते, आणि ती सुफलतेची देवता आहे. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंत कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. शहरातल्या दिवाणखान्यात ते चित्र पाहणाऱ्याला वर्तुळे आणि त्रिकोण दिसतात. पाड्यावरच्या माणसाला त्यात लग्न, घर आणि पुढे येणारे मूल दिसते. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच भिंतीवर लिहिल्या जात, हे आपण लक्षात ठेवू.

आता त्या भिंतीखालच्या जमिनीकडे वळू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखात दोन मोठे बदल झाले. १८६० नंतरच्या दशकात मुंबई-सुरत रेल्वे सुरू झाली. रानातले लाकूड आणि माळावरचे गवत एकाएकी बाजाराचा माल झाले. दुसरा बदल १८७८ च्या जंगल कायद्याचा. रानाचे मोठमोठे पट्टे सरकारने राखीव केले. काल ज्या रानातून मेढ आणि कारवी आणायची, त्याच रानात आज शिरायला परवानगी हवी. याच काळात जमिनीची मोजणी होऊन ती नावावर चढू लागली, सारा रोख पैशात भरावा लागू लागला. वारली शेतकऱ्याजवळ भात होते, रोकड नव्हती आणि अक्षरओळख नव्हती. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की तो सावकाराकडून खावटी घ्यायचा, आणि सुगीत ती कितीतरी वाढवून परत करायचा. एखादे वर्ष पीक बुडाले की कागदावर अंगठा. असे अंगठे उठत गेले आणि पिढी-दोन पिढ्यांत शेताचा मालक त्याच शेताचा कूळ झाला.

पण शेताबरोबर आणखी एक गोष्ट गेली आणि तिच्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत फारसे लक्ष दिले जात नाही. ती गोष्ट म्हणजे घराची जागा. पाड्यावरचे घर गावठाणात नसते, ते शेताच्या कडेला असते. शेत जमीनदाराचे झाले म्हणजे मेढी ज्या मातीत रोवल्या ती मातीही त्याचीच झाली. कूड आपला, कौल आपले, पण खालची जमीन परक्याची. मालकाची मर्जी गेली की कुळाने मेढी उपटायच्या आणि दुसरीकडे जायचे. मग घराला खण वाढवील कोण? मुलाचे घर बापाशेजारी बांधायचे की नाही हे बाप ठरवीत नसे, जमीनदार ठरवी.

याहून वाईट प्रकार होता लग्नगड्याचा. हा शब्द आजच्या मुलांना ऐकूनही माहीत नसेल, म्हणून सांगतो. लग्नासाठी तरुणाने जमीनदाराकडून थोडे रुपये उसने घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, असा तो करार. रुपये थोडे, पण ते फिटायचे कधी याचा हिशेब जमीनदाराच्या वहीत. वर्षे जात, कर्ज तसेच राही. त्याची बायकोही मालकाच्या घरी राबे आणि मुले मोठी झाली की मालकाची गुरे राखत. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याला आदिवासी भागांच्या चौकशीसाठी नेमले होते. त्याने आपल्या अहवालात या वेठीचे आणि लग्नगडी पद्धतीचे स्पष्ट वर्णन केले आहे. लग्न म्हणजे नव्या घराची सुरुवात. इथे लग्नाच्या दिवशीच नवरा-बायको आपले घर गहाण टाकीत. जन्माला यायचे मूलसुद्धा कर्जातच जन्माला येई.

हे बदलले कसे, ते आपल्यापैकी पुष्कळांना आजोबांच्या तोंडून कळले असेल. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातले काही वारली माह्या धांगडा यांच्याबरोबर गेले. तिथे त्यांनी आपली कहाणी सांगितली. त्यानंतर शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर या भागात येऊन राहिले आणि पाड्यापाड्यावर पायी हिंडले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारल्यांची परिषद झाली. ठराव साधे होते: वेठ करायची नाही, जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचे तर रोजाचे १२ आणे रोख घेतल्याशिवाय करायचे नाही, मारहाण सोसायची नाही, आणि सगळ्यांनी एक राहायचे. यात मोठी भाषा कुठेच नाही. पण ठराव झाल्यावर माणसे गावोगाव गेली आणि लग्नगड्यांना त्यांनी मालकांच्या वाड्यातून बाहेर आणले. कित्येक जोडपी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आपल्या माणसांत परत आली.

याची किंमतही मोजावी लागली. गवतकापणीच्या मजुरीवरून संप चालू असताना १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच माणसे मृत्युमुखी पडली. गोदावरीबाईंनी या सगळ्या लढ्याची हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिक्षक बंधुभगिनींनी ते शाळेच्या कपाटात अवश्य ठेवावे.

लढ्यापाठोपाठ कायदा आला. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम. 'कसेल त्याची जमीन' हे या कायद्याचे कलम सर्वांना ठाऊक आहे. १९५६ च्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवसापासून कूळ हे कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पण याच कायद्यातले कलम १६ फार थोड्यांनी वाचलेले असते. ते असे सांगते की, कुळाने किंवा त्याच्या पूर्वजांनी आपल्या खर्चाने मालकाच्या जागेवर घर बांधले असेल, तर त्या घरातून कुळाला सहजासहजी काढता येणार नाही. आणि घर म्हणजे नुसते छप्पर नव्हे. घराचे सामान, खालची जागा, आणि घराच्या वापरासाठी आवश्यक अशी लगतची जागा हे सगळे त्यात आले. पुढचे कलम १७ म्हणते की, मालकाला ती जागा विकायची असेल तर पहिला विचार त्या कुळाचाच करावा लागेल.

श्रोतेहो, 'लगतची आवश्यक जागा' हे कायद्याच्या भाषेतले शब्द आपण आपल्या भाषेत म्हणून पाहा. लगतची जागा म्हणजे अंगण. जिथे भात वाळते, जिथे म्हातारी नातवंडे घेऊन बसते, आणि जिथे उद्या मुलाचे घर उभे राहते, ती जागा.

या अंगणाचा विचार आणखी कुणीतरी त्याच १९४५ साली करीत होते. झरीच्या परिषदेच्या वर्षीच, समुद्रकाठच्या बोर्डी गावात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना काय आढळले? मुले बालवाडीत येत नाहीत. का येत नाहीत? तर थोरली बहीण धाकट्याला सांभाळते आणि थोरला भाऊ गुरे राखतो. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, असे या बायांनी ठरवले आणि त्यातून 'अंगणवाडी' जन्माला आली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी 'विकासवाडी' केली. बहीण वर्गात, मधला बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. गुराख्यांसाठी कुरणात भरणारी 'कुरणशाळा' काढली. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तो शब्द आपल्या तालुक्याच्या अंगणातला आहे, याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही. घर, अंगण, आजी आणि शाळा या चार गोष्टी एकमेकींपासून तोडल्या तर मूल वाढत नाही, हे त्या दोघींनी ओळखले होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीकडची गावे आपल्याकडे राहिली. पाड्यांवरच्या नात्यागोत्यांतून राज्याची सीमा गेली. जमिनीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे संपला नव्हता. कागदावर कूळ मालक झाले खरे, पण गरजेच्या वेळी तीच जमीन पुन्हा कवडीमोलाने दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली. म्हणून १९७४ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ घातले गेले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येणार नाही, असे ते कलम. त्याच्याच जोडीला जमिनी परत करण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत गेलेल्या जमिनी त्याखाली परत मागता येऊ लागल्या. १ एप्रिल १९५७ ही तारीख पुन्हा आली, हे आपल्या ध्यानात आले असेलच. ज्या दिवशी कूळ मालक झाले, त्या दिवसापासून काय काय निसटले याचाच तो हिशेब होता.

राहिला प्रश्न रानातल्या घरांचा. ज्यांची घरे आणि शेते जंगलखात्याच्या हद्दीत होती त्यांना कुळकायद्याचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंबाच्या ताब्यात आहे, ती राहण्यासाठी आणि कसण्यासाठी त्यांच्या हक्काची झाली, मर्यादा ४ हेक्टरची. हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने मिळतो. ज्या मुलखात एकेकाळी लग्नाच्या कर्जापायी दोघेही वेठीला लागत, तिथे आता दोघांची नावे एका पट्ट्यावर आली. ही मजल लहान नाही.

तरीही एक अडचण उरलीच होती. पट्टा शेताला मिळाला, बापाचे घर होते तिथे राहिले, पण मुलगा वेगळा राहू लागला तर त्याचे घर कुठे? गावाला लागूनच राखीव रान, आणि गावातली जागा संपलेली. कुटुंब वाढले की तरुण जोडप्याने गाव सोडायचे, हाच मार्ग. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रातल्या वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरासाठी जागा मिळण्याची वाट मोकळी केली. वाढत्या कुटुंबांना मूळ गाव सोडून जावे लागू नये, हाच तिचा हेतू. म्हणजे पहा, बापाशेजारी मुलाचे घर ही आपली जुनी रीत सरकारी राजपत्रात यायला २०२० साल उजाडावे लागले.

आता मी माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतो. हा कायदा बाजूचा की आड येणारा?

मी त्याला पुढच्या भेटीत असे सांगितले. तुझ्या काकांचे घर आज तुला मिळू शकते आहे, ते कशामुळे? महामार्ग जवळ, वापीचे कारखाने जवळ, रेल्वे जवळ. हा कायदा नसता तर ती जागा केव्हाच कुणा पैसेवाल्याच्या हाती गेली असती आणि तुझ्या आईच्या अंगणात दुसऱ्याचे कुंपण आले असते. ज्या कलमामुळे बँक कचरते, त्याच कलमामुळे ते घर इतकी वर्षे तुझी वाट पाहत उभे राहिले. कुंपण गुरांना अडवते तसे कधीकधी धन्यालाही वळसा घालायला लावते. पण म्हणून कुणी कुंपण मोडत नाही, त्याला फाटक करतो. घरासाठी कर्ज सोपे व्हावे ही मागणी रास्त आहे आणि ती आपण केली पाहिजे. पण त्यासाठी जमीन मोकळी सोडा, असे कुणी सांगू लागला तर आधी आजोबांना विचार.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा नाहीत सर, पण आजी आहे. ती एकच विचारते, जागा कुणाची?"

पुढे त्याने काय केले तेही सांगतो, कारण ते आपल्यापैकी कित्येकांच्या उपयोगी पडेल. त्याने बोईसरचा नाद सोडला. शिक्षकांच्या पतपेढीतून पगारावर कर्ज काढले. रक्कम फ्लॅटच्या कर्जापेक्षा कितीतरी कमी. जमीन आजोबांच्या वेळची, कुळकायद्यात मिळालेली, आणि सातबाऱ्यावर चुलत्यांसह सगळ्यांची नावे. म्हणून त्याने आधी सगळ्या हिस्सेदारांना एका ओट्यावर बसवले. एक चुलते दोन दिवस रुसून होते. त्यांच्या मुलालाही पुढे घर लागेल, त्याची जागा कोणती, हे आधी ठरवा, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे खरेच होते. ती जागाही खुणा घालून ठरली. मग काकांनी रीतसर नोंदणी करून हक्कसोडपत्र दिले आणि गावदप्तरी फेरफार झाला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद झाली, आणि ती माझ्या सांगण्यावरून नवरा-बायको दोघांच्या नावे झाली.

घराची दुरुस्ती करतानाही त्याने एक शहाणपण केले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी भागात भूकंपाचे धक्के बसत होते, ते आपण विसरलो नसाल. त्या थंडीत कितीतरी कुटुंबे घराबाहेर, तंबूत झोपली. जुने कुडाचे घर हलके. ते हलते, पण सहसा अंगावर कोसळत नाही. कच्च्या मातीत रचलेली जड विटांची भिंत मात्र घात करते. म्हणून त्याने पडवी बंद करताना नवी भिंत भरवशाच्या गवंड्याकडून बांधून घेतली, वर सिमेंट-सळईचा पट्टा फिरवला. आतल्या खोलीची एक भिंत मात्र कुडाचीच ठेवली. तिथे आजीला चौक लिहायचा होता.

सर्वांना असे घर मिळतेच असे नाही, हे मी जाणतो. शिक्षकाला पगार असतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या जोडप्याला तो नसतो. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री आवास योजना आहे, आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. २०१६ पासून घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. म्हणजे आपल्या मापाने फार तर दोन-तीन खण. जुळी मुले असलेल्या घराला ते अपुरेच. पण तेवढे घरकुलसुद्धा ज्याच्या नावावर जागा आहे त्यालाच लवकर मिळते. ज्याच्याजवळ जागेचा कागद नाही त्याचे नाव यादीत असून अडते. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. घरात पाहुणा यायचा असेल तर पाळणा पाहण्याआधी तीन कागद पाहा: सातबारा किंवा वनहक्काचा पट्टा, ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि वारसांची नोंद. मयत आजोबांचे नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर वारसनोंद करून घ्या. हे काम मूल रडत असताना होत नाही, आधीच करावे लागते. शिक्षकांनी यात लोकांना मदत करावी. एखाद्या तासाला सातवी-आठवीच्या मुलांना आपापल्या घरचा सातबारा आणायला सांगा आणि तो वाचायला शिकवा. त्यांना त्यात आपल्या पणजोबांचे नाव सापडेल. इतिहासाचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला भाद्रपदात दोन मुली झाल्या. जुळ्यांना जन्मतः वजन कमी असते तसे त्यांनाही होते आणि काही दिवस त्यांना दवाखान्यातच ठेवावे लागले. त्या घरी आल्या तेव्हा घराची कौले अजून पूर्ण चाळून व्हायची होती. एका कोपऱ्यात पाणी ठिबकत होते. मी त्यांना पाहायला गेलो तेव्हा एक मुलगी आजीच्या मांडीवर होती, आणि दुसरी अंगणापलीकडे तिच्या काकूजवळ. आई आत झोपली होती. कित्येक दिवसांनी ती सलग चार तास झोपली, असे म्हातारीने मला हळू आवाजात सांगितले.

मी विचारले, "पणजीबाई, घर पसंत आहे ना?"

पणजी म्हणाली, "घर काय, गळतं ते शाकारता येतं. जागा आपली आहे."